फास्ट करून द्या ना जी

गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी गेलात तरी चार माणसं हमखास भेटतात. धानाच्या बोनसची तारीख सरकारच्या आधी कळलेला एक, नागझिऱ्यात वाघ ‘अगदी इथून त्या खांबापर्यंत’ पाहिलेला दुसरा, विदर्भ एक्स्प्रेसचं वेटिंग कन्फर्म करून देतो म्हणणारा तिसरा, आणि चौथा रॉमवाला भाऊ, म्हणजे फोनमधली कंपनीची प्रणाली काढून दुसरी (रॉम) घालणारा. पहिल्या तिघांकडे लोक आशेने जातात. चौथ्याकडे फोन हातात धरून आणि मान खाली घालून जातात. हा चांगल्या फोनचा भुगा करणारा माणूस आहे, अशी त्याच्याविषयी घरोघरी समजूत असते. खरं तर जिल्ह्यात याच्याइतका भित्रा आणि सावध माणूस दुसरा नसेल, पण तसं सांगितलं तर त्यालाच राग येईल.

वय पंचवीस ते चाळीसच्या मधलं. शिक्षण आयटीआय नाहीतर बीसीए. पोटाचा धंदा वेगळाच: राइस मिलमधलं कॉम्प्युटरवरचं बिलिंग, एखादं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, किंवा वडिलांचं कृषी केंद्र. ओळखायची खूण म्हणजे उजव्या हाताची पकड. आवाज कमी करायचं बटण आणि पॉवरचं बटण एकदम दाबून धरण्याची त्याच्या बोटांना इतकी सवय झालेली असते, की जयस्तंभ चौकात उभ्याने चहा पितानासुद्धा ग्लास तो तसाच धरतो. ग्लास फास्टबूटमध्ये, म्हणजे फोनच्या दुरुस्तीच्या खोलीत, जात नाही, एवढंच. खिशात दोन फोन असतात. एक ‘माझा’ आणि एक ‘चालणारा’.

माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत. फोनची टोपणनावं राहतात. कंपन्या प्रत्येक मॉडेलला आतल्या गोटात एक वेगळं नाव देतात आणि भाऊचा सगळा व्यवहार त्या नावाने चालतो. एकदा गोरेगावकडचे एक काकाजी फोन घेऊन आले. भाऊने नजर न उचलता विचारलं, “तुमचा मिडो आहे का निकेल?”

काकाजी म्हणाले, “नाही जी, आमी पोवार.”

हसू नका. भाऊचा प्रश्न जिवावरचा होता. रेडमी नोट ४ या एकाच नावाचे दोन फोन होते. आपल्याकडे २०१७ च्या जानेवारीत आलेला स्नॅपड्रॅगन चिपचा, म्हणजे मिडो. आणि त्याआधी चीनमध्ये विकला गेलेला मीडियाटेक चिपचा, म्हणजे निकेल. नाव एक, आतडी निराळी. एकाची फाइल दुसऱ्यात घातली, तर फोनचा दगड होतो. भाऊच्या भाषेत ‘ब्रिक’. म्हणून जातपात न मानणारा हा माणूस फोनचं कुळ मात्र खोदून खोदून विचारतो, आणि सांगितलेल्यावर विश्वास न ठेवता केबल लावून स्वतः पाहतो.

त्याच्या कपाटात, धान विक्रीच्या पावत्यांच्या खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला एक जाडजूड फोन असतो. नोकिया एन ९००. सन २००९ चा. नागपूरला सीताबर्डीत कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला. सरकवला की खालून कीबोर्ड निघतो, पडद्यावर लिहायला काडी मिळते, आणि आत मायमो ५ नावाची अस्सल लिनक्स प्रणाली चालते. तसा अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आहे, पण तिथे मालक असूनही आपण भाडेकरू. एन ९०० मध्ये टर्मिनल उघडून थेट हुकूम सोडता येत. प्रोसेसर ६०० मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. आज तेवढ्यात कॅल्क्युलेटरही नखरे करील. पण हौशी मंडळींनी त्यासाठी ‘कर्नल-पॉवर’ नावाचा नवा कर्नल बांधला आणि तो फोन ९०० पर्यंत, धीटांनी तर हजाराच्याही वर पळवला. भाऊ तेव्हा कॉलेजात होता. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने ही वाट सोडून मायक्रोसॉफ्टशी घरोबा केला, त्या विषयावर तो अजूनही बोलत नाही. काढलाच तर उठून पाणी प्यायला जातो.

त्या कर्नलमध्ये एक फार शहाणपणाची सोय होती. नवा वेग नुसता ‘लोड’ करून पाहता येई. फोन गोठला, तर बॅटरी काढून परत घालायची. फोन जुन्या वेगाने पुन्हा उभा. वेग ‘डिफॉल्ट’ म्हणून कायम करायचा तो नंतर, खात्री पटल्यावर. उतावळे लोक आधीच कायम करत. मग फोन सुरू होतानाच त्या वेगाने सुरू होई, गोठे, बंद पडे, पुन्हा सुरू होई, पुन्हा गोठे. भाऊचं सगळं तत्त्वज्ञान या दोन हुकमांच्या मधल्या फटीत बसलेलं आहे. आजच्या अँड्रॉइडवर त्याच जागी ‘सेट ऑन बूट’ नावाची एक टिकली असते. पोरांना तो दुसरं काही शिकवो न शिकवो, एवढं शिकवतो: “टिकलीला हात नाही लावायचा बे. दोन दिवस चालव, गाणे ऐक, गेम खेळ, गावाले जाऊन ये. मंग टिकली.”

ओव्हरक्लॉक म्हणजे काय हे पुण्या-मुंबईत समजावून सांगायला तासभर लागत असेल. इथे मिलवाल्याला एका वाक्यात कळतं. हलरचा फेरा वाढवला की धान झटपट निघतो, पण तांदूळ तुटतो. पोत्यात कणी वाढते आणि बाजारात भाव पडतो. चिपचंही तेच. वेग वाढवला की तिला जास्त व्होल्टेज लागतं, आणि उष्णता वेगाच्या पटीत वाढतेच, वर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. समजा, वेग ६०० चा ९०० केला, म्हणजे दीडपट. आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ चं १.३५ करावं लागलं, म्हणजे वर्गाने सव्वापट. दोन्ही मिळून चिप जवळजवळ दुप्पट तापणार. काम मात्र फार तर दीडपट होणार. वरची अर्धी उष्णता बॅटरीला, खिशाला आणि मांडीला. व्होल्टेज न वाढवता नुसता वेग वाढवला, तर चिप हिशेबात चुका करते आणि फोन मध्येच डोळे पांढरे करतो. भाऊला आयुष्यात मिळालेली सर्वांत मोठी दाद एका मिलमालकाची आहे. सगळं ऐकून घेऊन तो एवढंच म्हणाला, “म्हणजे फेरा वाढवता येते, पण कणी नाही पडू द्यायची.” भाऊने हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे.

कणी न पाडण्याच्या या विद्येत वेगाचा भाग फार थोडा आणि वाट पाहण्याचा फार मोठा. बूटलोडर, म्हणजे फोनच्या दारावरचं कंपनीचं कुलूप, उघडला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी बॅकअप. शाओमीचा बूटलोडर उघडायला अर्ज केला की कंपनी बहुधा १६८ तास थांबायला लावायची. म्हणजे पुरता आठवडा. त्या आठवड्यात भाऊ आणखी दोनदा बॅकअप घेतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, आणि एक बहिणीच्या लॅपटॉपवर, ‘घरचे फोटो’ नावाच्या फोल्डरात, तिला न सांगता. फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळखक्रमांक, ज्या कप्प्यात असतो तो कप्पा वेगळा जपून ठेवतो. तो पुसला गेला तर फोनला नेटवर्क ओळखत नाही. कोणी आयएमईआय बदलून मागितला, तर भाऊ दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो. तो गुन्हा आहे आणि ते गिऱ्हाईक बहुधा चोरीचा फोन घेऊन आलेलं असतं.

मग केबलची परीक्षा. जगातल्या केबली त्याच्या लेखी दोन प्रकारच्या: नुसत्या चार्जिंगच्या आणि विश्वासाच्या. विश्वासाची केबल त्याने आजवर कुणाला दिलेली नाही. सख्ख्या मेव्हण्याने मागितली तेव्हा ‘उंदराने खाल्ली’ म्हणून सांगितलं. मग फोनची बॅटरी साठ टक्क्यांच्या वर आहे ना, लॅपटॉपची भरली आहे ना, उतरवलेल्या फाइलची बेरीज मूळ फाइलशी जुळते ना. मग दाराबाहेर जाऊन आभाळ पाहायचं. मृगाचा पाऊस सुरू झाला की लाईन कधी जाईल याचा नेम नाही. आभाळ भरलेलं असलं, तर काम उद्यावर. गिऱ्हाईक कुरकुरतं, “दोन मिनिटांचं काम तर आहे जी.” भाऊ म्हणतो, “काम दोन मिनिटांचंच आहे काकाजी, पण रडणं दोन महिन्यांचं.”

आणि खरं काम सुरू झालं, की बघण्यासारखं काही उरतच नाही. काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी. ‘ओके’ उमटतं. फोन बंद होतो, पुन्हा सुरू होतो, आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह येऊन बसतं. पहिल्यांदा सुरू व्हायला नव्या रॉमला दहा-दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं भाऊचा चेहरा अगदी शांत असतो आणि टेबलाखालचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत असतो. गिऱ्हाइकाने विचारलं, “झाला का?” तर तो “होते” म्हणतो. पुन्हा विचारलं, तर “होऊन रायला” म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं, तर पोरगं पाठवून चहा मागवतो. चहा आला आणि तरी चिन्ह हललं नाही, तर समोसे येतात. त्याच्या दुकानात समोसे दिसले, की जाणती माणसं टोपी काढून उभी राहतात.

एकेका टप्प्याने वेग वाढवायचा, दोन दिवस पाहायचं, मग पुढचा टप्पा. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन चिपा सारख्या नसतात. शेजाऱ्याच्या फोनला जे झेपलं ते आपल्याला झेपेल असं नाही. सूनबाईंच्या बाबतीत ही गोष्ट गावाला पटत नाही, पण फोनच्या बाबतीत भाऊने ती पटवली आहे. बदललेली प्रणाली आत असताना बूटलोडरला पुन्हा कुलूप घालायचं नाही. २०१८ पासून शाओमीच्या काही फोनांवर जुनी आवृत्ती पुन्हा घालायची नाही. आत उलट फिरण्याविरुद्ध पहारा बसवला आहे, आणि तो पहारेकरी इशारा न देता गोळी घालतो. रेडमी नोट ५ प्रो वाले कित्येक जण असे गेले. भाऊ त्यांचा उल्लेख हळू आवाजात करतो.

याच्या अगदी उलट जात म्हणजे एक-क्लिकवाला. त्याला बॅकअप माहीत नसतो, फोनचं कुळ माहीत नसतं. कुठलं तरी ‘रूट करा एका बोटात’ छापाचं अ‍ॅप टाकतो, बोट लावतो, आणि फोन तापला की फ्रिजमध्ये ठेवतो. बाहेर काढल्यावर गरम हवेतला ओलावा फोनच्या पोटात दव होऊन बसतो आणि मग तो भाऊकडे येतो. “काहीच नाही केलं जी, आपोआप झालं.” भाऊ फोन कानाशी नेऊन हलवतो, आत पाणी वाजतं, आणि तो विचारतो, “आपोआप फ्रिजात गेला होता का?”

फ्रिजचा मोह होतो, कारण आपल्याकडचा मे महिना. पारा पंचेचाळिशीला टेकतो. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी असा दंडक आहे. म्हणजे नवतप्यात गोंदियाची हवाच दंडकाच्या कडेवर उभी असते, फोनने अजून काही केलेलंही नसतं. चिप जरा तापली की जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवते. त्यामुळे जिल्ह्यातला सर्वांत वेगवान फोन मे महिन्यात दुपारी बारा ते पाच शेजारच्या आजीच्या फोनपेक्षाही सावकाश चालतो. बेंचमार्कचा आकडा, जो भाऊ डिसेंबरात दहावीच्या टक्क्यांसारखा सांगत फिरतो, तो मे महिन्यात विचारायचा नसतो. या दिवसांत तो व्होल्टेज उतरवतो, वेग उतरवतो, फोन कूलरसमोर ठेवतो आणि स्वतः कूलरच्या मागे बसतो.

पैशाच्या अ‍ॅपचं आणि त्याचं जमत नाही. फोनचं कुलूप उघडलेलं दिसलं, आत रूट, म्हणजे मालकाचा पुरता ताबा, सापडला, की पैशाची अ‍ॅपं दारातूनच परत जातात. त्यांना चकवायला भाऊ मॅजिस्क नावाचं हत्यार वापरतो, मुखवटे चढवतो, महिनाभर चालतं, मग एका सकाळी मुखवटा गळतो आणि तो नेमका चहाच्या टपरीवर गळतो. आठ गाभ्यांचा प्रोसेसर, हाताने घडवलेला कर्नल, आणि दहा रुपये देता येत नाहीत. तेव्हा खिशातला दुसरा, ‘चालणारा’ फोन बाहेर येतो. तोही चार्ज नसला, तर भाऊ मित्राकडे पाहतो. मित्राने हे आधीच ओळखून पाठ फिरवलेली असते.

दिवसही आता पूर्वीचे राहिले नाहीत. सॅमसंग गॅलेक्सी वाय होता तेव्हा ८३२ मेगाहर्ट्झमध्ये संसार करावा लागे आणि अंगावरचं मांस कापून द्यावं तशी अ‍ॅपं काढून टाकावी लागत. तिथे शंभर मेगाहर्ट्झ वाढले की माणूस दिवाळी करी. सायनोजेनमॉड नावाची रॉम होती, २०१४ च्या डिसेंबरात त्याच्याच भावंडावरून दोन फोन कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. त्या खटल्याची हकीकत भाऊ बांधाच्या वादासारखी रंगवून सांगतो. २०१६ च्या डिसेंबरात ते दुकान बंद झालं आणि त्याच मातीतून लिनिएजओएस उगवलं. आता कारखान्यातूनच चिप दमछाक होईतो पळवून पाठवतात. वर वाढवायला जागा शिल्लक नसते. बरेच बूटलोडर उघडतच नाहीत. ओव्हरक्लॉक करायला आता भाऊकडे कोणी येत नाही. म्हातारे फोन जगवायला येतात. ज्याला कंपनीने सोडून दिलं, त्यात नवं अँड्रॉइड घालून आणखी तीन वर्षं ओढायची. भाऊ वेगासाठी शिकला आणि त्याची विद्या लागली ती वृद्धसेवेला.

परवाच्या खरिपात आमगावकडचे एक काकाजी आले. ई-पीक पाहणी करायची होती. २०२१ पासून ही भानगड राज्यभर आहे: बांधीत उभं राहून आपल्याच फोनवरून आपल्याच धानाची नोंद करायची, फोटो काढायचा. नोंद नाही, तर पुढे आधारभूत केंद्रावर धान विकताना अडतं. काकाजींचा फोन बांधीत गेला की कॅमेरा उघडतानाच मान टाकायचा.

“फास्ट करून द्या ना जी. तो काय तुमचा फेरा असते म्हणे, तो वाढवा.”

भाऊने फोन घेतला, कुळ पाहिलं, केबल लावली, बॅकअप घेतला. मग आत डोकावला. बत्तीस जीबीची जागा, त्यात बोट शिरवायला फट नाही. सूर्योदय, गुलाब, गुलाबावर दव, दवात साईबाबा. ‘शुभ सकाळ’, ‘शुभ सोमवार’, ‘तान्हा पोळ्याच्या शुभेच्छा’, ‘मंडईनिमित्त हार्दिक शुभेच्छा’. तोच गुलाब सात ग्रुपांतून सातदा. प्रोसेसर बिचारा ठणठणीत होता. त्याच्या छातीवर गुलाब पडले होते.

भाऊने वेगाला हातही लावला नाही. गुलाब काढले, कप्पे झाडले, फोन बंद करून सुरू केला. कॅमेरा बोट लावताच उघडला. काकाजींनी बाप्पा म्हणून तोंडावर हात नेला.

“वाढवला ना फेरा?”

भाऊ काही बोलला नाही. विद्येचा मान राहू द्यावा लागतो. काकाजी दुसऱ्या दिवशी चिन्नोर तांदळाची चुंगडी ठेवून गेले आणि भावकीत चार जणांना सांगून आले, की पोट्टा हलरवानी फोन फिरवते.

आठवड्याने काकाजी पुन्हा दारात. चेहरा उतरलेला.

“काय झालं जी? पाहणी नाही झाली का?”

“पाहणी झाली ना. पयल्याच दिवशी झाली.”

“मंग?”

काकाजी खुर्चीत टेकले. “आमचा व्याही रोज सकारी फोटू पाठवते. काल लग्नात भेटला, त मले विचारते, मागच्या दसऱ्याचा पाठवला होता तो आवडला का? मी दाखवाले गेलो, त फोनात काहीच नाही. माणसावानी माणूस, त्याच्यापुढे मान खाली गेली ना बाबू. असा फास्ट फोन काय करायचा मले? पयलेवानी स्लो करून दे.”

भाऊने ड्रॉवर उघडला. पेनड्राइव्ह काढला, विश्वासाची केबल लावली. सगळे गुलाब जसेच्या तसे, तारीखवार, होतेच. पाऊण तासात ते परत गेले. काकाजींनी कॅमेरा उघडून पाहिला. फोनने थोडा विचार केला, पडदा काळा झाला, आणि बऱ्याच वेळाने उघडला.

“हां,” काकाजी उठत म्हणाले, “आता आपला वाटते.”